वेबसाइट आहे, पण फोन वाजत नाही

या सदराकडे गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच अडचणीची आहेत. तिन्ही पत्रलेखक कोल्हापुरातले आहेत, तिघांच्याही हातात कसब आहे, आणि वेबसाइटवर कष्ट किंवा पैसा खर्च करूनही गिऱ्हाइकाची चौकशी हवी तशी येत नाही, ही तिघांचीही तक्रार आहे. पहिले पत्र सविस्तर होते, म्हणून त्याचे उत्तरही सविस्तर दिले आहे. त्यातले मुद्दे पुढच्या दोन उत्तरांत पुन्हा उगाळलेले नाहीत, त्यामुळे तिन्ही उत्तरे क्रमाने वाचावीत, ही विनंती.

प्रश्न: मी गेली १४ वर्षे प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंगची कामे घेतो. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली. ती दिसायला चांगली आहे, असे सगळे म्हणतात. पण वर्षभरात तिच्यावरून जेमतेम पाच-सहा फोन आले आणि त्यांतलेही दोन जाहिरात विकणाऱ्यांचे होते. कामे मिळतात ती जुन्या गिऱ्हाइकांच्या शिफारशीवर. आता वेबसाइट करणारा म्हणतो, की कोल्हापूरच्या प्रत्येक उपनगरासाठी आणि आसपासच्या प्रत्येक गावासाठी एकेक अशी ५० पाने करू, म्हणजे गुगलवर आपण वर येऊ. हा खर्च करावा का?
— एक वाचक, कळंबा

उत्तर: ५० पानांचा खर्च मुळीच करू नये. पाचगाव, उचगाव, फुलेवाडी, कसबा बावडा अशी फक्त नावे बदलून तोच परिच्छेद ५० वेळा छापला, तर गुगलच्या नियमांत अशा पानांना ‘डोअरवे’ पाने म्हणतात आणि ती नियमबाह्य धरली जातात. ती शोधात खाली ढकलली जाऊ शकतात किंवा पूर्णपणे वगळलीही जाऊ शकतात. नियम बाजूला ठेवला, तरी पाचगावच्या माणसाने ते पान उघडल्यावर त्याला गावाच्या नावापलीकडे पाचगावचे काहीच सापडणार नाही. आपण पाचगावात खरोखर एखादे सांगण्यासारखे काम केले असेल आणि त्याची छायाचित्रे आपल्याजवळ असतील, तर त्या कामाचे एक पान अवश्य करावे. पण ते एका कामाचे पान असेल, गावांच्या यादीतले एक नाव नव्हे.

आपल्या वेबसाइटचा पत्ता पत्रात होता. ती मी मुद्दाम संगणकावर न पाहता मध्यम किमतीच्या मोबाइलवर, रंकाळ्याच्या काठावर उभी राहून, मोबाइलच्याच इंटरनेटवर उघडली, कारण आपले गिऱ्हाईक ती अशीच कुठेतरी उभ्याउभ्या उघडणार आहे. गुगलसुद्धा आता वेबसाइटची पाहणी प्रामुख्याने मोबाइलच्या रूपातूनच करते. २०१६ मध्ये जाहीर केलेला तो बदल २०२३ मध्ये पूर्ण झाला. आपले पान उघडायला मी मनात मोजलेले नऊ आकडे लागले. मग एकामागून एक सरकणारी तीन मोठी चित्रे आली आणि त्यांतल्या पहिल्या चित्रात पिवळे हेल्मेट घातलेला, हातात पाना धरलेला एक परदेशी कारागीर हसत होता. त्याखाली ‘दर्जा हेच आमचे ध्येय’ अशी ओळ होती. आपला फोन नंबर वरच्या कोपऱ्यात दिसत होता, म्हणून मी त्यावर अंगठा दाबला. काहीच झाले नाही. पुन्हा दाबला, तेव्हा लक्षात आले की तो नंबर चित्राचाच भाग आहे. शेवटी पिशवीतल्या एका बिलाच्या पाठीवर दहा आकडे लिहून घेतले आणि ते पाहून फोन लावला. घरात छत गळत असताना, एका हातात बादली धरलेल्या माणसाने एवढा खटाटोप का करावा? तो मागे जाऊन यादीतला दुसरा नंबर दाबतो, आणि आपल्याकडे कोणी आले होते हे आपल्याला कधी कळतही नाही.

फोन मात्र आपण दुसऱ्याच रिंगला उचललात. मी ओळख सांगितली आणि ओलीची तक्रार घेऊन कोणी फोन केला तर आपण काय बोलता, एवढेच विचारले. आपले उत्तर मी तिथेच लिहून घेतले: “आधी मी विचारतो, ओल पावसातच येते का उन्हाळ्यातही असते? उन्हाळ्यातही असली तर टेरेस कशाला फोडायचा? आधी वरचं बाथरूम आणि पाइप बघायचा. आणि टेरेसचाच दोष असला तर दोन दिवस पाणी भरून ठेवतो, ते कुठं उतरतंय ते बघतो, मगच दर सांगतो.” या चार वाक्यांनी माझी खात्री पटली की हा माणूस काम जाणतो आणि उगीच तोडफोड करणारा नाही. आपल्याला शिफारशीवर कामे का मिळतात, हेही त्यातून समजले. दुर्दैव असे, की या चार वाक्यांतले एकही आपल्या वेबसाइटवर नाही. तिथे दर्जा आहे, सचोटी आहे, ‘समाधानी ग्राहक’ आहेत; पण ओल नाही, टेरेस नाही, पाइप नाही आणि आपणही नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की वेबसाइटने तेच बोलावे जे आपण फोनवर बोलता. पुढच्या पंधरा दिवसांत येणारा प्रत्येक फोन संपल्यावर गिऱ्हाइकाने काय विचारले ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा: ‘स्लॅबचे पापुद्रे पडतायत’, ‘खालच्या मजल्यावाले भांडायला आलेत’, ‘टाकी रात्रीत रिकामी होते’, ‘मोरीतून पाणी मागं येतंय’. ही वही हाच आपल्या वेबसाइटचा कच्चा मजकूर आहे. त्यातून प्रत्येक कामाचे स्वतंत्र पान करा. टेरेसची गळती, बाथरूममधून खाली उतरणारी ओल, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, तुंबलेले ड्रेनेज आणि नव्या बाथरूमचे फिटिंग अशी पाच पाने आपल्याला पुरेशी आहेत. आज ही सगळी कामे ‘आमच्या सेवा’ या एकाच पानावर एकेका शब्दात उरकली आहेत. त्यामुळे बाथरूमखालच्या ओलीबद्दल शोधणाऱ्या माणसापुढे ठेवण्याजोगे नेमके पान गुगललाही सापडत नाही.

प्रत्येक पानावर आधी लक्षण सांगावे, मग आपण तपासणी कशी करता, काम किती दिवस चालते, त्या दिवसांत घरातल्यांना काय अडचण सोसावी लागते आणि खर्च कशावर ठरतो, हे सांगावे. खर्चाबद्दल आपण अगदी मौन पाळले आहे आणि ते मला पटले नाही. दर लिहिला तर स्पर्धक तो पाहून कमी दराने काम घेतील, ही भीती आपल्या व्यवसायात सर्वत्र आहे. पण दराचा काहीच अंदाज नसला, की सामान्य घरातला माणूस ‘आपल्याला परवडणार नाही’ असे धरून फोनच करत नाही. नेमका आकडा देता येत नसेल, तर पाहणीला येण्याचे पैसे घेता की नाही, घेतले तर काम दिल्यावर ते बिलातून वजा करता की नाही, एवढे तरी स्पष्ट लिहा. त्यापुढे जाऊन, चौरस फुटाचा दर कुठून कुठपर्यंत जातो आणि तो कशामुळे बदलतो, ते सांगा: जुना कोबा ठेवायचा की काढायचा, पॅरापेट भिंत आणि स्लॅब यांचा सांधा उघडावा लागतो का, माल वर चढवायला जिना आहे की दोर लावावा लागतो. हे वाचून आलेला माणूस फोनवर घासाघीस कमी करतो, कारण पैसे कशाचे द्यायचे आहेत हे त्याला आधीच कळलेले असते.

हेल्मेटवाल्या परदेशी माणसाला आजच रजा द्या. त्याच्या जागी आपण स्वतः, आपली माणसे आणि आपली कामे दिसली पाहिजेत. कामापूर्वी आणि कामानंतर एकाच जागेवरून, एकाच कोनातून घेतलेली दोन छायाचित्रे जो विश्वास देतात, तो कोणत्याही विशेषणाला देता येत नाही. छायाचित्राखाली भाग आणि महिना लिहा: ‘जरगनगर, एप्रिल; टेरेसच्या नळीभोवतीची गळती’. घरमालकाचे नाव किंवा घर ओळखू येईल असे काहीही टाकू नका, आणि छायाचित्र टाकण्यापूर्वी त्याची परवानगी घ्या. मोबाइलवर काढलेले छायाचित्र चार-पाच एमबीचे असते. तसेच चढवले, तर आज होते आहे तेच होईल. रुंदी १२०० पिक्सेलच्या आसपास आणून ते दोनशे-अडीचशे केबीपर्यंत उतरवले, तर मोबाइलच्या पडद्यावर फरक दिसत नाही, पण पान चटकन उघडते. पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, अशी गुगलची अपेक्षा असते. ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या त्यांच्याच मोफत साधनात आपला पत्ता घालून ते तपासता येते. वेबसाइट करणाऱ्या मुलाला ५० पानांऐवजी हे काम सांगावे.

फोन नंबर चित्रातून बाहेर काढून खऱ्या अक्षरांत लिहून घ्या आणि त्याला ‘टेल’ प्रकारचा दुवा जोडून घ्या, म्हणजे त्यावर बोट ठेवताच फोन लागेल. पान कितीही खाली सरकवले, तरी ‘फोन करा’ आणि ‘व्हॉट्सअॅप करा’ ही दोन बटणे पडद्याच्या तळाशी स्थिर राहिली पाहिजेत. व्हॉट्सअॅपच्या दुव्यात नंबर लिहिताना ९१ आणि त्यापुढे दहा आकडे एवढेच येते. अधिकचे चिन्ह, सुरुवातीचे शून्य किंवा मधली रेघ घातली तर दुवा चालत नाही. त्याच दुव्यात आधीच लिहिलेला संदेशही घालता येतो. ‘माझ्या घरी गळती आहे. भाग: … फोटो पाठवत आहे.’ एवढा संदेश समोर तयार दिसला, की काय लिहावे या विचारात अडकलेला माणूसही पुढे सरकतो. आपल्या कामात फोटोचे महत्त्व फार आहे, कारण ओलीचा फोटो पाहून अर्धे निदान आपल्याला घरबसल्या करता येते. आता जो नऊ रकान्यांचा चौकशी अर्ज आहे, ज्यात ‘विषय’ आणि ‘कंपनीचे नाव’ हेही भरावे लागते, तो नाव, मोबाइल नंबर आणि भाग एवढ्या तीन रकान्यांवर आणा.

आपल्या पहिल्या पानाचे शीर्षक, म्हणजे गुगलच्या यादीत निळ्या अक्षरांत दिसते ती ओळ, फक्त ‘होम’ अशी आहे. ती बदलून ‘टेरेस गळती, वॉटरप्रूफिंग व प्लंबिंग – कोल्हापूर’ अशी केली, की शोधणाऱ्याला आणि गुगललाही पान कशाबद्दल आहे ते कळेल. आणखी एक गोष्ट आपल्याकडे विसरली जाते. मराठीत बोलणारी कितीतरी माणसे मोबाइलवर शोधताना मात्र रोमन लिपीत, इंग्रजी शब्दांत शोधतात. म्हणून प्रत्येक पान मराठीत आणि त्याचेच साध्या इंग्रजीतले रूप, अशी दोन्ही ठेवावीत. मराठी गाळू नये, कारण घरातली वडीलधारी माणसे निर्णय घेताना मराठीच वाचतात.

वेबसाइटइतकेच, किंबहुना आपल्या व्यवसायात तिच्याहूनही अधिक, महत्त्व गुगलवरच्या व्यवसाय नोंदीला, म्हणजे बिझनेस प्रोफाइलला आहे. ही नोंद मोफत असते. आपली नोंद मी पाहिली. तिथे घरचा पत्ता दिला आहे, वेळ दिलेली नाही आणि व्यवसायाचा प्रकार ‘बांधकाम कंपनी’ असा आहे. आपण गिऱ्हाइकाच्या घरी जाता, गिऱ्हाईक आपल्या घरी येत नाही. अशा वेळी पत्ता लपवून सेवेचे भाग नोंदवण्याची सोय तिथे आहे आणि असे २० पर्यंत भाग लिहिता येतात. मुख्य प्रकार ‘प्लंबर’ किंवा ‘वॉटरप्रूफिंग सेवा’ यांपैकी जो आपल्या उत्पन्नाचा मोठा भाग असेल तो निवडा. अशा नोंदी कोणत्या क्रमाने दाखवायच्या, हे तीन गोष्टींवर ठरते, असे गुगल स्वतः सांगते: शोधलेल्या कामाशी नोंद किती जुळते, शोधणारा किती अंतरावर आहे आणि व्यवसायाची ख्याती किती आहे. अंतर आपल्या हाती नाही. कसबा बाव‍ड्यातल्या माणसाला बावड्यातलाच प्लंबर आधी दिसणार, आणि त्यावर ५० पानांचा उतारा चालत नाही. नोंदीतल्या नावात ‘कोल्हापूरमधील सर्वोत्तम प्लंबर’ असे शब्द घुसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. पाटीवर आणि बिलावर जे नाव आहे तेच नोंदीत असावे, असा नियम आहे आणि तो मोडल्यास नोंद स्थगित होऊ शकते.

वेळेबद्दलही थोडे सांगते. आपल्याला फोन येतात ते जून-जुलैत, छत गळू लागल्यावर. आणि टेरेसचे काम खरे तर करायचे असते मार्च ते मे या काळात, स्लॅब कोरडा असताना. मेमधला पहिला वळीव पडला, की लोकांना गेल्या वर्षीची ओल आठवते आणि शोध सुरू होतो. नवे पान गुगलने वाचून त्याला यादीत बरी जागा द्यायला आठवडे, कधी महिनेही जातात. म्हणून टेरेसचे पान जानेवारी-फेब्रुवारीतच तयार असावे, आणि ‘पावसाळ्यापूर्वी टेरेस कसा तपासावा’ हे त्यात आपल्या अनुभवाने लिहावे: नळीच्या तोंडाशी साचलेला कचरा, कोब्यातल्या भेगा, पाणी मुरल्याने ठोकताच पोकळ वाजणारी जागा. सखल भागांतल्या घरांसाठी आणखी एक पान आपल्याला लिहिता येईल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क या भागांतल्या घरांत शिरले होते. पूर ओसरल्यावर जमिनीखालची टाकी कशी साफ करावी, ड्रेनेजमधून पाणी मागे येऊ नये म्हणून काय बसवावे, हे आपल्याइतके नेमके सांगणारे मला वेबसाइटवर कोणी सापडले नाही.

जाहिरातीबद्दल आपण विचारलेले नाही, पण तो प्रश्न पुढे येईलच. वरच्या गोष्टी होईपर्यंत जाहिरातीवर एक रुपयाही घालू नका, कारण आज जाहिरातीवरून येणारा माणूसही त्याच चित्रातल्या नंबरवर अंगठा दाबून परत जाईल. पुढे गुगलवर जाहिरात दिलीत, तर ठिकाणाच्या पर्यायात ‘या भागात असलेले किंवा या भागात रस असलेले’ असे मुळात निवडलेले असते, ते बदलून ‘या भागात असलेले’ एवढेच ठेवा; आणि ‘नोकरी’, ‘कोर्स’, ‘पगार’ हे शब्द वगळण्याच्या यादीत घाला, नाहीतर प्लंबिंग शिकू पाहणाऱ्या मुलांच्या क्लिकचे पैसे आपण भराल.

शेवटचा मुद्दा फोन उचलण्याचा. तो आपण उचलता, हे मी अनुभवले आहे. पण आपण स्लॅबवर असता तेव्हा काय होते? दोन वर्षांपूर्वी जुलैत आमच्या घरी स्लॅबमधून थेंब पडू लागले, तेव्हा मी तीन ठिकाणी चौकशी केली होती. एका वेबसाइटवर अर्ज भरल्यावर ‘२४ तासांत संपर्क करू’ असे उत्तर दिसले, आणि तो संपर्क आजवर झालेला नाही. दुसऱ्याने फोन उचलला नाही. तिसऱ्याने उचलला नाही, पण दहा मिनिटांत ‘कामावर आहे, सात वाजता फोन करतो, तोवर गळतीचा फोटो पाठवा’ असा संदेश पाठवला, आणि काम त्याला मिळाले. व्हॉट्सअॅपच्या व्यवसायासाठीच्या अॅपमध्ये असे उत्तर आधीच लिहून ठेवण्याची सोय आहे. चौकशी वाढवण्यासाठी जितका विचार आपण करता, तितकाच आलेली चौकशी हातची जाऊ नये म्हणूनही करा.

प्रश्न: उद्यमनगरात आमचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. वडिलांच्या काळापासूनचे. गुगलवरच मोफत मिळालेली एक पानाची वेबसाइट मी काही वर्षांपूर्वी तयार केली होती आणि तोच पत्ता बिलावर व पाटीवर छापला. आता तो पत्ता उघडत नाही. नवी वेबसाइट करावी का? आमचे बहुतेक गिऱ्हाईक शेतकरी आहे. ते वेबसाइट बघतात का?
— एक वाचक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर: आपली काही चूक झालेली नाही. व्यवसाय नोंदीतून तयार होणाऱ्या त्या मोफत वेबसाइट गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत तो पत्ता उघडणाऱ्याला आपल्या नोंदीकडे वळवले जात होते, त्यानंतर तेही थांबले. पाटीवरचा पत्ता आजच झाका किंवा पुसून टाका, कारण न उघडणारा पत्ता पाहून दुकानच बंद पडले असावे, असा समज होतो. आपल्या गुगल नोंदीतही तोच जुना पत्ता अजून असण्याची शक्यता आहे, तोही काढून टाका.

नवी वेबसाइट अवश्य करा, पण या वेळी स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर. ‘डॉट इन’चा पत्ता वर्षाला फार पैसे घेत नाही. तो घेताना नोंदणी आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर आणि आपल्या मोबाइल नंबरवर करा. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर कदापि नको. तो गावाला गेला, नोकरीला लागला किंवा त्याच्याशी बिनसले, की दुकानाचे नाव त्याच्या खात्यात अडकते आणि नूतनीकरणाची तारीख उलटली तर ते दुसरा कोणी घेऊ शकतो. हे मी अनेक दुकानांच्या बाबतीत पाहिले आहे, म्हणून एवढ्या आग्रहाने लिहीत आहे.

शेतकरी वेबसाइट बघतात का, हा प्रश्न आपण विचारलात त्याचा मला आनंद झाला. शेतकरी वेबसाइट ‘बघत’ नाही. पाणी पाजायच्या दिवसांत मोटार जळाली, की तो किंवा त्याचा मुलगा मोबाइलवर जवळचे दुकान शोधतो आणि लगेच फोन लावतो. त्याला हव्या असतात त्या फक्त चार-पाच गोष्टी: सबमर्सिबल करता का मोनोब्लॉक, किती एचपीपर्यंत, सिंगल फेज का थ्री फेज, किती दिवसांत मिळेल, आणि तोवर चालवायला दुसरी मोटार द्याल का. ऊस वाळत असताना पर्यायी मोटार मिळणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे आपल्याला सांगायला नको. ती सोय आपण देत असाल, तर तेच वाक्य सर्वांत वर, सर्वांत मोठ्या अक्षरांत असले पाहिजे. त्याखाली मोटार का जळते ते थोडक्यात सांगा: कमी दाब, एक फेज जाणे, बोअर कोरडी पडल्यावरही चालू राहिलेली मोटार, बिघडलेला स्टार्टर. मोटार पुन्हा जळू नये म्हणून काय करावे हे जो मनापासून सांगतो, त्याच्याकडेच माणूस पुढच्या वेळी येतो. दुकान सकाळी किती वाजता उघडते, रविवारी असते का आणि टेम्पो दारापर्यंत येतो का, हेही लिहा. करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांतून मोटार घेऊन येणाऱ्याची खेप वाया जाता कामा नये.

मजकुराबाबत एक सावधगिरी. आपण पत्रासोबत जे जुने पत्रक जोडले आहे, ते छापखान्यातल्या जुन्या मराठी फॉन्टमधले आहे. त्याचेच चित्र करून वेबसाइटवर डकवू नका आणि त्या फॉन्टमधला मजकूर तसाच उचलूनही टाकू नका. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘मोटार’ दिसत असली, तरी संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची विस्कटलेली ओळ असते आणि शोधात ती कधीच सापडत नाही. सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर आपण रोज मराठी लिहिता त्याच पद्धतीने, नव्याने लिहून घ्या. एक पान पुरेसे आहे.

प्रश्न: मी सोफा, कुशन आणि पडद्यांची कामे घेते, मदतीला दोघी जणी आहेत. माझ्या वेबसाइटवरून आणि गुगल नोंदीवरून थोडीफार चौकशी येते, पण माझ्या नोंदीवर नऊच अभिप्राय आहेत आणि जवळच्या एका दुकानाच्या नोंदीवर शेकड्याने. पैसे घेऊन पंचतारांकित अभिप्राय देतो, असा फोन मला आला होता. सगळेच घेतात म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: घेऊ नका. पैसे, सवलत किंवा भेटवस्तू देऊन अभिप्राय मिळवणे गुगलच्या नियमांत बसत नाही. असे अभिप्राय काढून टाकले जातात आणि त्यांसोबत नोंदही अडचणीत येऊ शकते. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक जाहीर केले आहे आणि विकत घेतलेले अभिप्राय त्यालाही मान्य नाहीत. याशिवाय एक साधी गोष्ट आहे. विकतच्या अभिप्रायांत ‘छान सेवा’, ‘उत्तम काम’ यापलीकडे काही नसते. आपल्या नऊ अभिप्रायांपैकी एकीने लिहिले आहे, की जुन्या सोफ्याचे सागवानी सांगाडे आपण टाकू दिले नाहीत, तेच वापरून नवा सोफा करून दिलात आणि त्यामुळे खर्च वाचला. तो एक अभिप्राय वाचून मला आपल्याकडे काम द्यावेसे वाटले. असे शंभर ‘छान सेवा’ मला हलवू शकले नसते.

अभिप्राय मागण्यात मात्र आपण संकोच करता, असे पत्रावरून दिसते. तो सोडा. काम पोहोचवले, सोफ्यावर घरातले बसले, चहा झाला, त्या संध्याकाळीच नोंदीतून मिळणारा अभिप्रायाचा दुवा व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि सोबत एवढेच लिहा: ‘ताई, काम कसे वाटले ते दोन ओळींत इथे लिहाल का? कोणते काम केले तेही लिहा, म्हणजे दुसऱ्यांना उपयोग होईल.’ आठवड्यानंतर मागितला, तर बहुतेकींच्या मनातून ते निघून गेलेले असते. हा दुवा सर्वांना पाठवा. जे खूश आहेत त्यांनाच निवडून पाठवणे आणि बाकीच्यांना टाळणे, हेही नियमात बसत नाही. आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला नाव घेऊन, त्या कामाचा उल्लेख करून उत्तर द्या. मिळालेले अभिप्राय लिहिणाऱ्याच्या परवानगीने वेबसाइटवरही घ्या, पण ‘ग्राहकांचे मनोगत’ अशा वेगळ्या पानावर एकत्र कोंबू नका. सोफ्याबद्दलचा अभिप्राय सोफ्याच्या पानावर आणि पडद्यांचा पडद्यांच्या पानावर, त्या कामाच्या छायाचित्राच्या अगदी खाली असावा.

आपल्या नोंदीवर एका ताईंनी दोनच तारे देऊन ‘पडदे आखूड झाले’ असे लिहिले आहे आणि आपण त्याला आठ महिने उत्तर दिलेले नाही. नवे गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच अभिप्राय उघडणार. माप कोणाचे चुकले हा वाद तिथे घालू नका. ‘ताई, माप घ्यायला मी स्वतः यायला हवे होते. कापड आमच्याकडे शिल्लक आहे, खाली पट्टी जोडून पडदे पूर्ण लांबीचे करून देते, पैसे नकोत’ असे लिहा, आणि लिहिल्यावर खरोखर त्यांच्याकडे जाऊन या.